अर्ध्याच छताचं चित्र आणि दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या नक्ष्या. हे काय असेल?

बोरीकाठची

नमस्कार. माझं माहेर अमळनेरजवळ, बोरी नदीकाठच्या एका गावात. वाडा पाच खणांचा, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. पुढे ओटा, मग बैठक, तिच्या मागे माजघर. ओट्याच्या तुळईवर शके १७९० कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १८६८. घरात सांगत आले ते असं: अमेरिकेत यादवी चालली होती, १८६१ ते १८६५, तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग आपल्या खान्देशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला आणि त्या पैशातून हा वाडा उभा राहिला.

दिवाळीनंतर भाऊ बैठक पाडून स्लॅब टाकणार आहे. त्याला मी नाही म्हणू शकत नाही. दर पावसाळ्यात धाबं गळतं, वर माती टाकायला आता माणूस मिळत नाही, आणि तिथे राहायचं त्याला आहे, मला नाही. पण त्या बैठकीला तक्तपोशी, म्हणजे रंगवलेल्या फळ्यांचं छत आहे आणि माझा जीव तिच्यात अडकलाय.

मधोमध आठ पाकळ्यांचं मोठं कमळ, त्यातून खाली आलेला, दिव्याची हंडी टांगायचा लोखंडी आकडा. कमळाभोवती निळी जमीन, मग चौकट, चारही कोपऱ्यांत कमळाचे देठ आणि हंसांच्या जोड्या. सगळ्यात बाहेर हिरवी पानांची पट्टी आणि भिंतीला लागून गलथा, म्हणजे कडेची लाकडी पट्टी. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी सगळे झोपले की मी सतरंजीवर उताणी पडून ते हंस मोजायची. चालतानाही मान वर. आजी ओरडायची, "वर काय देखस? खाले देख, नही तं पडशी!" एकदा खरंच उंबऱ्यावर पडले. हनुवटीवर खूण आहे.

आता मूळ प्रश्न. गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना पत्र्याची एक लांब नळी सापडली. आत शेताचे नकाशे होते आणि त्यांच्यात गुंडाळलेला एक जाड कागद, साधारण हातभर लांब. त्यावर छताचं चित्र आहे, पण अर्धंच. मधलं कमळ बरोबर मध्यावर कापल्यासारखं, चारच पाकळ्या. कागदाचा खालचा भाग कोरा. वरच्या दोन कोपऱ्यांपैकी उजव्या कोपऱ्यात आमच्या छताचे हंस आणि कमळ हुबेहूब, तर डाव्या कोपऱ्यात द्राक्षाचा वेल आणि एक विलायती फुलदाणी! तसली फुलदाणी आमच्या छतात कुठेच नाही. रंग पाण्याचे, रेघा शाईच्या, खाली काही पेन्सिलीच्या पुसट राहिलेल्या. उजव्या कोपऱ्यातल्या रेघांवर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत, डाव्यात एकही नाही. खालच्या समासात एक रेघ आखून तिचे भाग पाडलेत. पहिल्या तुकड्याचे मी भिंग लावून मोजले, चोवीस. शेजारी मोडीत दोन ओळी. कागद उजेडात धरला की आत इंग्रजी अक्षरांत 'व्हॉटमन' आणि १८८२ दिसतं.

चित्रकार मध्येच सोडून गेला का? दोन कोपरे वेगळे का? आणि घर १८६८चं, मग कागद १८८२चा कसा? भाचा म्हणतो कागद लॅमिनेट करून टाकू. माझं मन होत नाही. फोटो जोडले आहेत. पाडकाम सुरू होण्याआधी समजलं तर फार उपकार होतील.

सागवान

ताई, मी धरणगावचा, तिसऱ्या पिढीचा सुतार. जुने वाडे उतरवण्याचं काम चाळीस वर्षं करतोय, म्हणून घरापासून सुरू करतो. कागदाचं जाणकार सांगतील.

आपल्याकडच्या धाब्याच्या घराचं मूळ छत म्हणजे कडीपाट. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर किलचन म्हणजे लाकडाच्या तुकड्यांचा थर आणि वर पांढरी माती. खालून बघितलं की कड्या दिसल्याच पाहिजेत. तुमच्या फोटोत एकही कडी दिसत नाही, सपाट फळ्या आहेत. म्हणजे तुमची तक्तपोशी भार घेत नाही. ती कड्यांना खालून पट्ट्या मारून टांगलेली आहे आणि तुमचं जुनं छत अजून तिच्यावर असणार. घर १८६८चं आणि सजावट नंतरची, यात मला काही वावगं दिसत नाही. कापसाच्या पैशानं घर बांधलं, पुढच्या पिढीनं बैठक सजवली, असं मी इतर वाड्यांतही बघितलंय.

खात्री करायची तर काठीनं हळू ठोकून बघा, पोकळ वाजेल. एखादा खिळा सैल असेल तर त्याचं अंग बघा. लोहारानं घडवलेला खिळा चौकोनी असतो, कारखान्यातला तारेचा खिळा गोल. गोल खिळे आपल्याकडे उशिरा आले.

त्या चोवीस भागांनी मात्र माझ्या अंगावर काटा आला. इंग्रजी नकाशात फुटाचे बारा भाग पाडतात. चोवीस भाग म्हणजे गज आणि तसू! चोवीस तसूंचा एक गज. माझ्या आजोबांचा लाकडी गज अजून माझ्याकडे आहे. कागद विलायती असो की नक्षी विलायती असो, ज्यानं हे काढलं त्यानं माप सुताराच्या गजानं घेतलंय. म्हणजे त्यानं किंवा त्याच्या माणसानं तुमच्या बैठकीत उभं राहून मोजलंय. गज गावोगाव वेगळा असे. मुंबईचा सत्तावीस इंचांचा धरत, काही सुतार चोवीस इंचांचा वापरत. तुमचा कुठला ते मापावरून काढता येईल.

एक काम करा. हंडीच्या आकड्यापासून चारही भिंतींपर्यंत टेपनं माप घ्या. वजनाची हंडी फळीला टांगत नाहीत, आकडा वर तुळईतच बसवावा लागतो. त्यामुळे कमळ खोलीच्या मध्यावर नसतं, तुळईच्या खाली असतं. आणि जुन्या घरात सगळे खण सारखे असतील याचा भरवसा नसतो.

उतरवायचं ठरलं तर आधी सगळ्या छताचे फोटो, मग प्रत्येक फळीला एका कोपऱ्यापासून नंबर. खिळा समोरून उपसू नका, फळी फाटते. फटीतून करवतीचं नुसतं पातं घालून खिळा मागे कापायचा. दोन माणसं खाली गादी धरून. घाईच्या माणसाला हे काम देऊ नका.

भुसावळचे मास्तर

ताई, चित्रकार कुठेही सोडून गेलेला नाही. तुमचा कागद पूर्ण आहे.

छताचा नमुना असाच काढत. छत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं असणार, मग तेच दोनदा रंगवण्यात दिवस का घालवायचे? अर्धं काढलं तरी पुरतं, पुष्कळदा पावच काढत. उरलेलं आरशानं भरून निघतं. खरोखर आरसा घ्या आणि कागदाच्या त्या कापलेल्या कमळावर उभा धरा. अख्खं छत समोर येईल. आणि दोन कोपरे वेगळे आहेत ते घरमालकानं निवड करावी म्हणून. एकाच कागदावर "हे घ्या किंवा ते घ्या". पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाशेझ आणि गुर्दे हे दोन सजावटकार जोडीनं काम करत. त्यांच्या छतांच्या आराखड्यांचा मोठा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि संकेतस्थळावर बघता येतो. पेन्सिल, शाई, जलरंग, अपारदर्शक रंग, तुमच्या कागदावर आहे तीच सामग्री. कुठे मध्ये मोकळं आकाश, कुठे कठडा, कुठे फुलांचे हार, आणि किती तरी ठिकाणी नक्षीचा एक तुकडा रंगवलेला नि बाकी पेन्सिलीवर सोडलेला. त्याही आधी, अठराव्या शतकात, लंडनच्या ॲडम बंधू या वास्तुकारांनी छतांची रंगीत चित्रं काढली. वास्तुकार सर जॉन सोन यांनी १८३३मध्ये त्या घराण्याची सुमारे ९,००० रेखाटनं विकत घेतली म्हणून ती आज एकत्र बघायला मिळतात. नाहीतर काम झालं की असले कागद चुलीत जात. तुमच्या माणसांनी तो शेताच्या नकाशांबरोबर ठेवला, त्यालाच कागदपत्रांचा मान दिला, म्हणून वाचला.

आता साल. व्हॉटमन हा इंग्लंडचा उत्तम चित्रकागद, आणि त्याच्या जलचिन्हात साल घालत. १८८२ म्हणजे कागद त्या साली बनला. चित्र त्याआधीचं असू शकत नाही, नंतरचं कितीही असू शकतं. कागद बोटीनं मुंबईला यायचा, दुकानात पडून राहायचा, तेव्हा दोन-चार वर्षं पुढे धरायला हरकत नाही. आगगाडी तोवर आपल्याकडे पोहोचलेली होती. मुंबईचा माणूस किंवा मुंबईचा कागद अमळनेरच्या बाजूला येणं अवघड नव्हतं.

हंस आणि कमळ बघून कोणी तुम्हाला लगेच अजिंठा म्हणेल. मला स्वतःला तो मोह झाला, कारण मी राहतो तिथेच मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. ते १८४०च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आले, वर्षानुवर्षं तिथेच राहिले आणि १८७९मध्ये गेले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून १८८५पर्यंत पुन्हा नकला करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्या नकलांमध्ये पहिल्या लेण्याच्या छताचे चौकोनच्या चौकोन आहेत: कमळं, फळं, हंस, कमळांतून धावणारा हत्ती. १८८५मध्ये त्यातल्याही पुष्कळ लंडनमध्येच आगीत गेल्या. मी विद्यार्थ्यांना लेण्यात नेलं की भिंतीआधी छत बघायला लावायचो. माना दुखतात म्हणून कोणी बघत नाही, आणि तिथल्या कारागिरांनी सगळ्यात मोकळेपणानं वर रंगवलंय.

वर्षं जुळतात हे खरं. पण तुमच्या कोपऱ्यातला हंस अजिंठ्याचा, असं मी सांगणार नाही. कमळ आणि हंस आपल्या देवळांत, साड्यांच्या काठांवर, दारांच्या चौकटींवर पहिल्यापासून आहेत. तुमच्या गावच्या सुतारालाही ते पाठ असतील. पुरावा मिळाला तर आनंदच आहे. तोवर हंसाला हंस राहू द्या.

मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. विलायती फुलदाणी आणि देशी हंस एकाच कागदावर शेजारी मांडले होते, दोन्ही सारख्याच निगुतीनं रंगवलेले, आणि तुमच्या घरच्यांनी हंस निवडला. १८८०नंतर शहरातल्या पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यांत फुलदाण्यांची चलती असताना! राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमधल्या ऑस्बर्न हाउसमधला दरबार हॉल १८९०-९१च्या सुमाराचा. त्याची नक्षी लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये तयार झालेल्या भाई राम सिंग यांची. सुताराच्या घरातला माणूस. तो तिकडे जाऊन राहिला, त्यानं आराखडे काढले, आणि त्यावरून तिथल्या कारागिरांनी खोल चौकटींचं छत प्लास्टरमध्ये ओतलं. म्हणजे नक्षी दोन्ही दिशांनी जात होती. आपल्या माणसांनी नुसतं तिकडचं उचललं, हे मी शाळेत कधी शिकवलं नाही.

छताचं चित्र वाचताना एक चूक हमखास होते. काही जण ते खालून वर बघितल्यासारखं काढतात, काही जण छताचं प्रतिबिंब जमिनीवर पडल्यासारखं. एकातली पूर्व-पश्चिम दुसऱ्याच्या उलट येते. म्हणून आधी दिशा ठरवा. खोलीत जमिनीवर मोठा आरसा ठेवा आणि त्यात बघत फिरा. मान दुखणार नाही, आणि जे वर बघून कधी दिसलं नाही तेही दिसेल.

लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. ती उष्णता आणि तो चिकटा पुन्हा निघत नाही. गुंडाळी जबरदस्तीनं उलगडू नका, पावसाळी हवेत कागद आपोआप सैल पडतो. मग दोन स्वच्छ सुती कापडांमध्ये सपाट ठेवा, वाळवी आणि कसर लागणार नाही अशा ठिकाणी. आणि ती हिरवी पट्टी कोणालाही पॉलिशपेपरनं घासू देऊ नका. त्या काळात एमराल्ड ग्रीन म्हणून जो झगझगीत हिरवा मिळे त्यात आर्सेनिक असे, आणि सफेदा म्हणजे शिसं. तुमचा हिरवा कुठला आहे ते तपासल्याशिवाय ती धूळ नाकात जाता कामा नये.

टाका-दोरा

भोकांबद्दल मी सांगते, मी नंदुरबारला भरतकामाचे वर्ग घेते. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं जवळजवळ टोचत जायचं, कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची. कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी उमटलेली असते. तुमच्या उजव्या कोपऱ्याचं हेच केलेलं दिसतंय. लाकडावर रॉकेलऐवजी कोळशाची पूड पुरचुंडीत बांधून थापटली असेल. कागद मापानं लहान काढलेला आहे, म्हणजे टोचून आधी दुसऱ्या कागदावर उतरवलं असेल आणि तिथून मोठं केलं असेल. डाव्या कोपऱ्यात भोकं नाहीत कारण ती नक्षी कोणी घेतलीच नाही. ताई, भोकांच्या मागच्या बाजूला काळी पूड आहे का बघा.

धुळ्याहून

मोडी मला बऱ्यापैकी येते. फोटो थोडा हललाय, तरी दोन्ही ओळी लागल्या. पहिली: "उजवा कोपरा पसंत." दुसरी: "पूर्वेचा खण तीन तसू कमी, पट्टीत घेणे." अक्षर सराईत आहे, पण दोन ओळींची शाई वेगळी वाटते. मूळ कागद कधी धुळ्याला आणलात तर राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांची सवय असलेली माणसं आहेत, त्यांना जरूर दाखवा.

बोरीकाठची

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. कालच गावाहून आले, डोळ्यांपुढून ते छत अजून हलत नाही.

आधी मास्तरांचा आरसा. कपाटाचा आरसा उतरवून सतरंजीवर ठेवला आणि बैठकभर फिरले. साठ वर्षं ते छत बघतेय मी, पण पूर्वेची हिरवी पट्टी अरुंद आहे हे कधी कळलं नव्हतं. नजर कमळावर जायची आणि तिथेच राहायची. मग टेप घेतला. उत्तर, दक्षिण, पश्चिम या तिन्ही पट्ट्या साडेअकरा इंच. पूर्वेची आठ इंच आणि वर एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. फरक तीन इंच आणि तीन दोरे. सागवानदादा, सत्तावीस इंचांच्या गजाचे तीन तसू किती होतात ते मी तीनदा करून बघितलं. तेवढेच! आकड्यापासून पूर्वेची भिंतही पश्चिमेपेक्षा बरोबर तेवढीच जवळ आहे.

आणि त्या अरुंद पट्टीत काय केलंय बघा. बाकी तिन्ही बाजूंना पानांच्या दोन ओळी आहेत, मोठ्या पानाखाली लहान पान. पूर्वेला लहान पान काढलेलंच नाही, मोठंच थोडं आडवं वळवलंय. हंसांना धक्का लावला नाही, कमळ सरकवलं नाही, चौकट तशीच. जे कमी होतं ते सगळं त्या माणसानं कडेच्या पानांत जिरवलं. कागदावर हे कुठेच काढलेलं नाही, फक्त "पट्टीत घेणे" एवढंच लिहिलंय. पुढचं त्यानं फळीखाली उभं राहून ठरवलं असणार.

टाका-दोरा ताई, भोकांच्या मागे काळी पूड आहे. बोटाला लागली, मग मी हात लावणं थांबवलं.

वायव्येच्या कोपऱ्यात गळतीनं एक फळी सुटत आली होती. भावाच्या ओळखीच्या सुतारानं ती दादांनी सांगितलं तशी मागून खिळे कापून काढली. खिळे गोल अंगाचे निघाले. वर बॅटरी मारली तर खरंच जुना कडीपाट. कड्या धुरानं काळ्या झालेल्या, आणि दोन कड्यांच्या पोटाला काव आणि चुन्यानं काढलेली साधी वेलबुट्टी, एक ठिपका लाल, एक पांढरा. म्हणजे फळ्या लागण्याआधी पंधरा-वीस वर्षं आमची माणसं त्या वेलाखाली बसत होती. फळीच्या पाठीवर कोळशानं मोडी आकडा आहे, सात. त्या सुतारानंही नंबर घातले होते.

भावाला मी शिडीवर चढवलं. तो बराच वेळ वर राहिला, काही बोलला नाही. खाली येऊन विचारलं की एकूण फळ्या किती. बेचाळीस आहेत. बैठक पाडायचीच आहे, पण आता फळ्या एकेक करून उतरवायच्या आणि खळ्यातल्या कोरड्या खोलीत रचून ठेवायच्या, इतकं ठरलंय. पुढे त्या कुठे बसवायच्या ते ठरलेलं नाही. नव्या खोलीचं माप भाऊ अजून बदलू शकतो, म्हणून मी त्याला चारही पट्ट्यांची मापं लिहून दिली आहेत.

सागवानदादा, आता एकच विचारायचं आहे. उतरवलेल्या फळ्या उभ्या ठेवायच्या की आडव्या, आणि रंगाची बाजू कुठे? कार्तिकातच काम सुरू होईल.